भांग: एक दुरुस्ती

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वाङ्मयाला वाहिलेलं एक त्रैमासिक डोंबिवलीतून निघतं, हे डोंबिवलीत फारसं कुणाला माहीत नाही. माझ्या शेजाऱ्यांनाही नाही. पोस्टमन जाड पाकिटं आणून देतो तेव्हा त्यांना वाटतं, मी अजून परीक्षेचे पेपर तपासते. मी इथल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात एकच ताट लागतं.

त्रैमासिक सरांनी सुरू केलं. एम.ए.ला ते मला शिकवायला होते. पहिल्या अंकाची मुद्रितं तपासायला त्यांनी मला घरी बोलावलं आणि तेव्हापासून मी त्यांच्याकडे जात राहिले. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता, डोंबिवली पूर्वेला, जिना चढून तिसऱ्या मजल्यावर. मी मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचे, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि सर हातात पेन घेऊन मुद्रितावरून नजर फिरवायचे. मध्ये बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा आणून ठेवायच्या. पुढे बाई गेल्या. सरांचे डोळे अधू झाले तसं उलट झालं, सर जुना मजकूर जवळजवळ पाठ म्हणायचे आणि मी पेन धरायचे. मग संपादक म्हणून माझं नाव छापायला लागलं. गुरुवार मात्र तसाच राहिला.

आमचं त्रैमासिक प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी मान्य असलेल्या एका यादीत होतं. त्यामुळे लेख भरपूर यायचे. मला वाटायचं, लोकांना त्या शतकात रस आहे. मग काही कारणानं यादीतून आमचं नाव वगळलं गेलं आणि तीन महिन्यांत टपाल थांबलं. दर आठवड्याला फोन करून लेखाचं काय झालं विचारणारे लोक माझा फोनही उचलेनासे झाले. एकानं उचलला आणि अगदी सभ्यपणे सांगितलं, "मॅडम, आता तुमच्याकडे देऊन उपयोग नाही हो." त्यात खोटं काही नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

पुढचा अंक भरायचा कसा, हा प्रश्न होता. मी ठरवलं की सरांचे जुने निवडक लेख एकत्र करून विशेषांक काढायचा. सरांना आवडलं. लेख मी निवडले, प्रस्तावनाही मीच लिहिली. त्यात सगळ्यात आधी घेतला तो त्यांचा गाजलेला लेख, ज्यामुळे ते अभ्यासक म्हणून ओळखले गेले.

तो लेख एका जुन्या प्रवासवर्णनावर आहे. कचेरीतला एक कारकून ठाण्याहून होडीनं खाडीमार्गे कल्याणला गेला, त्याची हकिगत त्यानं नाव न घालता एका मासिकात छापली होती. सरांना ते मासिक रद्दीच्या गठ्ठ्यात मिळालं. हकिगतीत एके ठिकाणी कारकून सांगतो, की भांगामुळे होडी दोन दिवस गाळात अडकून राहिली, नावाडी स्वस्थ बसून होते आणि हा कचेरीत हजर व्हायच्या काळजीनं झुरत होता. सरांनी याच्यावर सगळा लेख उभा केला होता. नावाडी भांग पिऊन पडले, आणि नवीन शिकलेला, घड्याळ बाळगणारा माणूस त्यांच्याकडे रागानं बघतोय. त्यांनी लेखाचं नावच 'घड्याळ आणि गुंगी' ठेवलं होतं. मी तो लेख वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. शिकवताना माझा आवाज चढायचा, इतका तो मला आवडायचा.

एक अडचण होती, ती सरांनी तळटिपेत मिटवून टाकली होती. पिण्याची ती भांग. तिचं 'भांगेमुळे' व्हायला हवं. मूळ छापलेल्या हकिगतीत 'भांगामुळे' होतं. सरांनी टीप दिली होती, की हा छपाईचा दोष आहे, 'भांगेमुळे' असं वाचावं. विशेषांकाच्या वेळी मी आणखी पुढे गेले. टीप कशाला, म्हणून मूळ उताऱ्यातच दुरुस्ती केली. काना खोडला, मात्रा दिली. सरांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बरं केलंस."

अंक निघून महिना झाला असेल. सकाळी फोन आला.

"मॅडम, तुमच्या पुस्तकात नंबर हाय म्हनून केला. मी कोलशेतवरनं बोलतो." गृहस्थ ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या गावातल्याच एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. घराणं मासेमारी करणारं. वडील आणि आजोबा खाडीत जाळी लावायचे. त्यांची मुलगी एम.ए. करत होती, तिनं कॉलेजच्या ग्रंथालयातून आमचा अंक घरी आणला होता. "खाडीचं नाव दिसलं म्हनून वाचला. दोनदा वाचला. पन त्यात एक चुकलंय, सांगू का?"

मी म्हटलं, सांगा.

"ते भांग पिऊन नाय पडले. भांग म्हंजे पानी कमी. उधानाला पानी चढतं ना पुनवेला, आवसेला? त्याच्या उलट भांग. अष्टमीच्या आसपास. भरती येते पन जोर नसतो. वरच्या अंगाला, कल्यानकडं, खाडी उथळ. होडी टेकली की पानी चढंपर्यंत बसून राहायचं. नावाडी करनार काय? बसनारच."

मी टेबलावरचा अंक जवळ ओढला.

"तुमच्याच पुस्तकात तिथी दिलीय बघा," ते म्हणाले. "त्या माणसानं लिवलीय. कंची हाय?"

मी अंक उघडला. कारकुनानं तिथी लिहिली होती. अष्टमी होती.

फोन ठेवून मी कपाटातून जुना मोठा शब्दकोश काढला. 'भांग' शब्दाखाली पिण्याची भांग होती, केसांचा भांग होता, आणि त्याच्या खाली, दोनच ओळींत, भरतीचा कमी जोर. पुल्लिंगी. म्हणजे भांगामुळे. त्या काळच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानं बरोबर छापलं होतं, कारकुनानं बरोबर लिहिलं होतं, आणि आम्ही दोघांनी ते चुकीचं ठरवून दुरुस्त केलं होतं.

मला माझा वर्ग आठवला. हा लेख शिकवताना एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी हसली होती. खाडीकाठच्या गावातनं यायची. मी तिला उभं केलं, विचारलं, काय झालं हसायला? ती म्हणाली, काही नाही बाई. मी तिला तासभर उभं ठेवलं. ती ह्याच कारणानं हसली असेल असं मी म्हणत नाही. पण आता विचारायला ती कुठे आहे, तेही मला माहीत नाही.

त्या गुरुवारी मी कोश पिशवीत घालून सरांकडे गेले. सर खिडकीपाशी खुर्चीत होते. त्यांच्याकडे दिवसभर राहणाऱ्या मावशी स्वयंपाकघरात होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांनी मान खाली घातली होती.

"कोण म्हणतं हे?"

"कोलशेतचे एक गृहस्थ आहेत. वडील खाडीत मासेमारी करायचे."

"लेख पूर्ण वाचलाय त्यांनी?"

"दोनदा वाचलाय, सर."

"तू कोश पाहिलास?"

"पाहिला. आणलाय. वाचून दाखवू?"

"नको." त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत घालत होतं. "मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"पुढच्या अंकात त्यांचं टिपण छापायचंय. त्यांना मी लिहून पाठवायला सांगितलंय."

सर माझ्याकडे वळले. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नाही हे मला माहीत होतं, तरी मी नजर खाली घेतली.

"मी गेल्यावर छाप," ते म्हणाले. "फार दिवस थांबावं लागणार नाही तुला."

मी म्हटलं, "बरं, सर."

कोलशेतहून चार-पाच दिवसांत टिपण आलं. वहीचे दोन कागद, दोन्ही बाजूंनी, ठळक अक्षरात. खाली सही आणि सहीखाली 'निवृत्त फिटर'. मी ते टंकलं, नीट जपून ठेवलं, आणि पुढच्या अंकात घेतलं नाही. अंक टपालात पडल्यावर त्यांचा फोन आला.

"मॅडम, अंक मिळाला. माझा कागद नाय दिसला त्यात."

"जागा कमी पडली हो या वेळी," मी म्हणाले.

"बरं. पुढल्या टायमाला घ्या मग." त्यांनी लगेच विश्वास ठेवला. त्या अंकात शेवटची तीन पानं कोरी होती, लेखच नव्हते म्हणून. ती त्यांच्यासमोरच असणार. त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

त्या कोऱ्या पानांनी मला महिनाभर स्वस्थ बसू दिलं नाही. सरांचं मन राखायचं म्हणून मी गप्प बसले, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण शेवटी मला कबूल करावं लागलं, की मला सरांचा गुरुवार गमवायचा नव्हता. दुसरीकडे कुठे मी जात होते? भाजीवाला, बँक आणि सर. एवढीच माणसं माझ्याशी बोलत होती.

पुढच्या अंकात मी टिपण पहिल्या पानावर घेतलं. त्याच्याखाली संपादकीय खुलासा लिहिला, की मूळ पाठ 'भांगामुळे' असाच आहे, विशेषांकात केलेला बदल संपादकाची चूक आहे, आणि मूळ लेख लिहिला गेला त्या काळी संदर्भसाधनं फारशी हाताशी नसल्यानं हा अर्थ लक्षात आला नसावा. हे शेवटचं मी सरांसाठी लिहिलं. छापण्याआधी मुद्रित त्यांच्याकडे घेऊन गेले आणि वाचून दाखवलं. त्यांनी अडवलं नाही, बरंही म्हटलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "मावशींना सांग, मला आत न्यायला."

पुढच्या गुरुवारी मावशींनी दार अर्धंच उघडलं. "सर झोपलेत."

त्याच्या पुढच्या गुरुवारीही झोपले होते. तिसऱ्या वेळी मावशी दारातच म्हणाल्या, "ताई, तुम्ही उगाच एवढे जिने चढता. मी फोन करेन ना, ते बोलवतील तेव्हा." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना वाईट वाटत होतं, ते मला जास्त लागलं.

मी जाणं थांबवलं. मुद्रितं मात्र तपासायची होतीच. एकटीनं मूळ आणि मुद्रित ताडून बघताना नजर आपोआप पुढे धावते, चुका निसटतात. म्हणून मी मोबाईलवर माझ्याच आवाजात मूळ मजकूर रेकॉर्ड करायला लागले, पूर्णविराम, अवतरणचिन्ह सगळं म्हणत. मग तो लावून समोर मुद्रित घेऊन बसायचं. घरात माझा आवाज मलाच मजकूर सांगतोय. एकदा शेजारच्या बाई मीठ मागायला आल्या आणि म्हणाल्या, "पाहुणे आलेत का? मग नंतर येते." मी त्यांना थांबवलं नाही.

अंक छापून आला तेव्हा एका गुरुवारी, रिकामी दुपार जाईना म्हणून, मी पाच प्रती घेऊन कोलशेतला गेले. ठाणे स्टेशनवरून बसनं. उंच इमारतींच्या मागे जुनं गाव आहे, तिथे गृहस्थ नाक्यावर घ्यायला आले होते. ठेंगणे, स्वच्छ पांढरा शर्ट घातलेले. त्यांनी अंक उघडला, पहिल्या पानावर आपलं नाव बोटानं शोधलं, बंद केला आणि काखेत धरला. तेवढंच. मग म्हणाले, "चला, खाडी दाखवतो."

धक्क्यावर दोन होड्या होत्या, त्यातली एक उलटी घातलेली. पाणी काळसर आणि खूप खाली. काठाशी गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, त्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक चप्पल.

"आज काय हाय सांगा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "भांग?"

ते हसले. "आज भांगाचा दुसरा दिवस. उद्या परवा अजून सुस्त होईल. मग हळूहळू चढायला लागेल."

त्यांनी मला खाडीच्या पाण्याचे कितीतरी शब्द सांगितले. मी वहीत लिहून घेत होते. मध्येच ते थांबले.

"मॅडम, हे मी आता कोनाशी बोलनार? मुलगा आयटीत हाय. मुलीला पुस्तकातलं येतं. माझ्या बरोबरीचे होते ते गेले. खाडीत आता कोन जात नाय, मासा पन नाय. मी सकाळी हितं येऊन उभा राहतो आन मनातल्या मनात म्हनतो, आज एवढं पानी, आज तेवढं."

आम्ही दोघं धक्क्यावर उभे राहिलो. उशीर व्हायला लागला तसं त्यांच्या घरी जाऊन चहा घेतला, मुलगी भेटली, तिनं प्रबंधाच्या विषयाबद्दल विचारलं. परतताना त्यांनी बसपर्यंत सोडलं.

सरांचा फोन त्यानंतर काही आठवड्यांनी आला. मावशींनी लावून दिला होता.

"अंक मावशींनी वाचून दाखवला," सर म्हणाले. "अडखळत वाचतात, पण वाचतात. तुझ्या खुलाशात एक वाक्य चुकीचं आहे."

"कुठलं, सर?"

"त्या काळी साधनं हाताशी नव्हती, असं लिहिलंयस तू. कोश माझ्या टेबलावर होता. लेख लिहिताना होता. मी उघडला नाही, कारण मला पिण्याच्या भांगेचाच अर्थ हवा होता. खोटं छापू नकोस. पुढच्या अंकात तेवढं दुरुस्त कर."

"करते, सर."

मी वाट बघितली, की ते गुरुवारी ये म्हणतील. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग मावशींचा आवाज आला, "झालं का बोलून?" आणि फोन बंद झाला.

त्या गुरुवारी मी गेले असते तर दार उघडलं असतं, असं आता वाटतं. मी बोलावण्याची वाट पाहिली. पुढच्या बुधवारी सर न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्यांची मुलगी नागपूरहून आली, शस्त्रक्रिया झाली आणि ती त्यांना सोबत घेऊन गेली. हॉस्पिटलात मी दोनदा गेले होते. दोन्ही वेळा ते औषधाच्या अंमलाखाली होते. मुलगी म्हणाली, "काकू, बाबा तुमचं नाव घेतात कधीकधी." ते खरं की माझ्यासाठी म्हटलेलं, मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. घर रिकामं करताना जुन्या अंकांचे गठ्ठे टेम्पोतून माझ्याकडे आले. ते मी आईच्या खोलीत लावले.

सरांनी सांगितलेली दुरुस्ती पुढच्या अंकात छापली. शेवटच्या पानावर, छोट्या चौकटीत, त्यांनी सांगितलं तसंच, की कोश उपलब्ध होता, लेखकानं पाहिला नाही. त्याबद्दल कुणाचंही पत्र आलं नाही. कोलशेतहून मात्र फोन आला. ते म्हणाले, "तुमचे सर मोठे हायेत, मॅडम. माझ्याच्यानं नसतं झालं."

हे सरांना सांगावं म्हणून मी नागपूरला फोन लावला. मुलीनं तो सरांच्या कानाशी धरला. मी चौकट वाचून दाखवली, मग कोलशेतच्या गृहस्थांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "ठीक. अंक वेळेवर काढत जा."

मी हो म्हटलं. मुलगी फोनवर परत आली, म्हणाली, "आज जरा विसरलेत, उद्या कदाचित ओळखतील, परत करा." मी पुन्हा केला नाही अजून. पुढच्या अंकात खाडीच्या शब्दांची यादी घ्यायची आहे, कोलशेतच्या गृहस्थांना दर रविवारी फोन करून एकेक अर्थ पक्का करतेय. ते दहा-पंधरा मिनिटं बोलतात आणि मग त्यांच्याकडे जेवायची वेळ होते.